थांबणारं यीस्ट

माझी मावशी गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा आणि तो ती इतक्या मनापासून वापरायची की सगळे तिला ब्रेकमावशीच म्हणायचे. घरीही तेच. जेवताना काकांनी मिठाकडे हात नेला की टेबलाखाली तिचा पाय दाबला जायचा.

तिच्याकडे एक मधमाश्या पाळणारे गृहस्थ शिकायला होते. एकदा त्यांनी गाडी चौकातल्या कारंज्यात घातली होती. त्यांना परवाना मिळाला तेव्हा ते रडले आणि मधाचा भलामोठा डबा मावशीच्या दारात ठेवून गेले. काकांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, मावशीला मधाची चव नकोशी. डबा स्वयंपाकघरात असा ठाण मांडून बसला की फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं.

"वाटून टाक," काका म्हणाले.

"मी मीड करणार," मावशी म्हणाली.

मीड म्हणजे मध पाण्यात मिसळून, यीस्ट घालून आंबवलेलं मद्य, हे कळल्यावर काकांनी चष्माच काढला. "आयुष्यात थेंब घेतला नाहीस, आणि आता घरात दारू गाळणार?"

"गाळणार नाही, आंबवणार. फरक आहे."

"शेजाऱ्यांना समजाव तो फरक."

यीस्ट म्हणजे यीस्ट, असं समजून मावशीने ब्रेडसाठी आणलेलंच घातलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. पुढच्या रविवारी दुपारी मोठा आवाज झाला. काका लुंगी सावरत धावत आले तेव्हा झाकण दिव्याच्या काचेत अडकलं होतं आणि भिंतीवरून फेस ओघळत होता. बरणीच्या तळाशी उरलेलं मावशीने चमच्याने चाखलं. ओल्या ब्रेडचं पाणी!

मग ती मला घेऊन मद्य बनवायचं सामान विकणाऱ्या दुकानात गेली. दुकानदारीण बाई उत्साही. तिने काउंटरवर पुड्यांची रांगच मांडली. मावशीने एकेकीची उलटतपासणी घेतली. शेवटी शॅम्पेनच्या यीस्टवर बोट ठेवत बाई म्हणाली, "हे कधीच अडत नाही." मावशीला हा गुण वाटला. तिचे निम्मे विद्यार्थी चढावर अडायचे.

ते खरंच अडलं नाही. मधातली साखर शेवटच्या कणापर्यंत खाऊन मोकळं झालं. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"यात मध होता, याला पुरावा काय?" ते म्हणाले.

मावशी पुन्हा दुकानात. "मला थांबणारं यीस्ट हवंय."

"मग आधी सांगायचं ना!" बाईने वेगळी पुडी काढली. हे यीस्ट ठरावीक कडकपणा आला की आपोआप थंडावतं, थोडी गोडी मागे ठेवतं. पण स्वभावाने संथ. त्याला गारवा लागतो, आणि मधात पुरेसं पोषण नसल्यामुळे वरून खाऊही घालावा लागतो.

घरातली सर्वांत गार जागा म्हणजे न्हाणीघर. बरणी तिथे गेली. आता तिच्या बुचात पाण्याची नळी होती. आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर पडायचा. सगळे अंग चोरून आंघोळ करू लागले. मावशी मात्र सारखी जाऊन बरणीला कान लावायची.

"मेलंय हे," एका सकाळी ती म्हणाली. "ढिम्म हलत नाहीये. हलवून बघते."

काका दाढी करत होते. "हात लावू नकोस. चांगलं बुडबुडतंय की."

"कुठे?"

"हे काय, आत्ता. बुळुक."

मावशीने आरशात पाहून केस सारखे केले. काकांनी ब्रश खाली ठेवला. त्यांचा धंदा कानाची यंत्रं बसवण्याचा. जन्मभर लोकांची ऐकू येत असल्याची सोंगं आणि लपवाछपवी पाहिलेली. त्यांनी तिच्या उजव्या कानाशी टिचकी वाजवली. मावशी आरशातच बघत राहिली.

"कधीपासून?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"ओरडू नका, डाव्याने बोललेलं ऐकू येतं," मावशी चिडून म्हणाली. मग हळूच म्हणाली, "झाली काही वर्षं. गाडीत शिकणारा उजवीकडून काही बोलला की मी नुसती मान हलवते."

काका बाथटबच्या काठावर बसले. आधी हसले, मग त्यांचा चेहरा पडला. "अख्ख्या गावाचे कान तपासतो मी. आणि तू माझ्याच शेजारी बसून..."

"तुम्ही घरी आल्यावर कानांबद्दल बोललात की मला कंटाळा यायचा," मावशी म्हणाली. "म्हणून सुरुवातीला बरंच वाटलं."

त्याच दिवशी काकांनी तिला आपल्या दुकानात नेऊन यंत्र बसवलं. घरी येताच ती थेट न्हाणीघरात गेली, बरणीपाशी उकिडवी बसली आणि बाहेर आली ती डोळे पुसत. "किती बडबडतंय हो ते!" रात्रीच्या जेवणाला मात्र तिने चमचा खाली ठेवला. "तुम्ही चावताना एवढा आवाज करता?"

मीड तयार झालं तेव्हा आम्ही सगळे जमलो. हलकं गोड, सोनेरी. काकांना डॉक्टरांनी घोटभराची परवानगी दिली होती. तो त्यांनी अर्धा तास पुरवला. मावशीने आयुष्यातला पहिला पेला संपवला, आजूबाजूला पाहिलं आणि गंभीरपणे जाहीर केलं की उष्टी ताटं-वाट्या आज कोणीही घासणार नाही. मग ती गाऊ लागली. सूर कुठेच लागत नव्हता. काकांनी तिचं यंत्र थोडं कमी केलं आणि स्वतः तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.