मनोहर पारध्यांची साक्ष

मनोहर पारधे साक्ष द्यायला उभे राहिले की अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले लोक खुर्चीत जरा ऐसपैस बसत. अर्धा तास तरी आता सुटका नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका अमेरिकन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मराठी उपासना भरायची. घर मिळालं, प्रमोशन मिळालं, मुलगा नील पहिल्या झटक्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला, या प्रत्येक गोष्टीत मनोहररावांना प्रभूची योजना दिसे आणि ती ते मंडळीला तपशीलवार सांगत.

एक मूल दत्तक घ्यावं, हा विचार खरं तर त्यांच्या पत्नीचा, प्रतिमाताईंचा. त्या हॉस्पिटलात नर्स. सात-आठ वर्षं त्यांनी तो मनात ठेवला आणि एकदा भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता बोलून दाखवला. पुढच्या उपासनेत मनोहररावांनी जाहीर केलं, की प्रभूनं आपल्याला पाचारण केलंय. सोशल वर्कर घरी येऊन गेली. तिनं सांगितलं, की नवरा-बायकोच्या वयांची बेरीज शंभराला टेकलीय, तेव्हा तान्हं बाळ विसरा. मोठी मुलं मात्र वाट बघत असतात. प्रतिमाताई तिथल्या तिथे हो म्हणाल्या. मंडळीला कळलं ते असं, की प्रभूनं मनोहररावांना मोठं मूल दाखवलं.

दीड वर्ष कागदपत्रांत गेलं. मग नीलसह तिघं नगर जिल्ह्यातल्या अनाथ मुलांच्या एका संस्थेत पोचले. मनोहरराव जन्माचे संगमनेरचे, पण पासपोर्ट अमेरिकन, त्यामुळे फाइलवर त्यांची नोंद ‘परदेशी पालक’ अशी होती. ते त्यांच्या मनाला जरा लागलं. कागद जवळजवळ पुरे झाले होते. मुलीचा होकार तेवढा उरला होता. तो आता एक उपचार, असं मनोहरराव धरून चालले होते.

चैत्राली दहा वर्षांची होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, धुऊन फिकी झालेली ओढणी. संस्थेच्या अधीक्षिका लताताई तिच्याशेजारी बसल्या होत्या. आधी पाठवलेला घराच्या फोटोंचा अल्बम तिच्या मांडीवर होता, पण ती फोटो बघत नव्हती, माणसं बघत होती. मनोहररावांनी विमानात चार पानी मनोगत लिहून पाठ केलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य म्हटलं, “बाळ, देवानंच तुला आमच्यासाठी निवडलंय.”

“आधीचे काका पण असंच म्हणले होते,” चैत्राली म्हणाली.

मनोहररावांचं दुसरं वाक्य तिथेच राहिलं. लताताईंनी हळू आवाजात सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी पुण्याचं एक कुटुंब तिला घेऊन गेलं होतं आणि तीन महिन्यांनी गाडीनं परत आणून सोडलं. कारण काय, तर जमलं नाही. हे सगळं फाइलमध्ये होतं. प्रतिमाताईंनी ते दोनदा वाचलं होतं. मनोहररावांनी ती पानं नुसती चाळली होती.

मग चैत्रालीनं विचारलं, “तुमच्या घरी गाडीनं येता येतं का?”

“नाही गं. मध्ये समुद्र आहे.”

“म्हणजे परत सोडायचं झालं तर विमानानंच यावं लागंल. आणि कागद पण परत सगळे करावे लागतील?”

लताताईंनी होकारार्थी मान हलवली. चैत्रालीनं थोडा वेळ हिशेब केल्यासारखं केलं आणि म्हणाली, “मग मी जाते यांच्यासंगं.”

बाहेर आल्यावर नील इंग्रजीत म्हणाला, की आतापर्यंत कुणी विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

कॅरीत तिचं स्वागत थाटात झालं. हॉलमध्ये फुगे लावले होते. मंडळीतल्या सुचित्राकाकूंनी केक आणला होता आणि सोबत एक सूचनाही, की मुलीचं नाव आता रूथ ठेवावं. चैत्रालीनं नको म्हटलं. पुण्याच्या लोकांनी तिचं नाव अनया ठेवलं होतं. परत सोडताना तिला सोडलं आणि नाव ते घेऊन गेले. हे तिनं केक खाता खाता सांगितलं. नावाचा विषय तिथेच संपला.

त्या दिवशी मनोहररावांची साक्ष चाळीस मिनिटं चालली. शेवटी कुणीतरी म्हणालं, मुलीनंही दोन शब्द बोलावेत. तिनं बोलून दाखवलं: अमेरिका लांब आहे, इथून कुणाला सहजासहजी परत सोडता येत नाही, म्हणून मी आले. “किती गोड,” असं म्हणून सुचित्राकाकूंनी टाळ्या सुरू केल्या.

गाडीत मनोहररावांनी समजावलं, की सगळ्यांसमोर असं बोलायचं नसतं.

“साक्ष म्हणजे खरं सांगायचं ना?” मागच्या सीटवरून तिनं विचारलं. प्रतिमाताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठी चैत्रालीनं आठवडाभर लपवली होती. मनोहरराव आवाज चढवून बोलले. ती वर गेली, बॅग भरून खाली आली आणि दाराशी उभी राहिली. कॅरीत गाडीशिवाय कुणी कुठे जात नाही, आणि वीस वर्षांची सवय मनोहररावांच्या तोंडून बोलून गेली, “कुठे जायचंय सांग, मी ड्राइव्ह करतो.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोललो ते मनोहररावांना कळलं.

प्रतिमाताई भाताचं पातेलं घेऊन किचनमधून आल्या. “आधी जेवून घ्या, मग भांडा,” त्या म्हणाल्या. “आणि ती बॅग दारातून उचल गं. नील पडेल.”

बॅग उचलली गेली. जेवताना चैत्रालीनं भात दोनदा घेतला.

सकाळी बॅग सोफ्यामागे तशीच पडलेली होती. कपडे धुवायला टाकावेत म्हणून मनोहररावांनी ती उघडली. आत एक स्वेटर, नीलनं दिलेला हेडफोन आणि गणिताची वही होती. वहीत सोमवारी द्यायचा गृहपाठ पुरा करून ठेवलेला होता.

त्यांनी तो जमिनीवर बसून शेवटपर्यंत तपासला. दोन गणितं त्यांना चुकलेली वाटली. चैत्राली डोळे चोळत जिन्यावरून खाली आली आणि वही त्यांच्या हातात बघून थबकली.

“सातवं आणि नववं परत बघ,” मनोहरराव म्हणाले.

“नववं बरोबर आहे, बाबा,” ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी पुन्हा ताडून पाहिलं. नववं बरोबर होतं.