पावसाळ्याचा पगार

"सरकारी काम म्हणजे आळशांचा बाजार. मक्त्यानं देऊन टाका, बघा कसं सुतासारखं सरळ होतं," असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. तो खोटं बोलतो म्हणून नाही. हेच मी एकदा स्वतःच्या हातानं, टाक दौतीत बुडवून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं म्हणून.

लोणावळ्याला लागून आमचं पेठेचं गाव. नाव सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, त्यांची लेकरंबाळं आहेत. दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. गावचे दिवे, गटारं आणि पाणी कमिटीकडे होतं आणि माझा नवरा कमिटीचा भिस्ती होता. नळ होते ते बंगल्यांना. बाजारामागच्या आमच्या गल्ल्यांना दगडी हौद. भिस्त्यांनी तळ्यावर कातड्याच्या मशकी भरायच्या, पाठीवर आणायच्या आणि हौदात ओतायच्या. ज्यांना आमच्या मशकेतलं पाणी प्यायला चालत नसे ते विहिरीवर जात. धुण्याभांड्याला मात्र सगळ्यांना चालायचं, तेव्हा कुणाचा धर्म आड येत नसे.

पटावर भिस्ती आठ. पाणी आणणारे दोन, आमचे हे आणि एक म्हातारा. बाकीचे भिस्त्यांवर देखरेख करणाऱ्या जमादाराचे मेहुणे नाहीतर भाचे. ते जांभळीखाली विड्या ओढत बसायचे आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उभे राहायचे. हे बेडसे गावचे, सरळ माणूस. मी चिडले की म्हणायचे, "जाऊ दे गं. त्यांचं पाप त्यांच्यापाशी. कायमची नोकरी हाय, बारा म्हैने पगार हाय, आनि काय पायजे?" ते खरंच होतं. त्या पगाराच्या जिवावर वाणी आम्हाला मृगाआधी भाताची, डाळीची बेगमी देत असे आणि आमची मुलगी शाळेत जात असे. भिस्त्याची मुलगी तिसरीत! माझा बाप शाळेत शिपाई होता म्हणून मी चौथी शिकले होते. ही सातवी शिकेल आणि मास्तरीण होईल, असं मी गल्लीभर सांगत फिरायचे.

त्या वर्षी वैशाखात हौद सकाळीच कोरडा पडू लागला. बायका घागरी ठेवून तास तास बसायच्या आणि त्यांच्यात मीही. भिस्त्याची बायको असून! एका दुपारी शेजारची हमालाची बायको माझ्या दारात आली. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्यामागे सात-आठ बायका.

"भाभी, तुमचं अक्षर मोत्यावानी. कमिटीला एक अर्ज लिवा. चांगला झणझणीत लिवा."

मला तेवढंच हवं होतं. मी लिहिलं की पाणी वेळेवर येत नाही, जमादार आपल्या गणगोताला पोसतो, रस्त्याची खडी जशी मक्त्यानं देता तसं पाणीही द्या. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण बायका वाहवा करत होत्या आणि मला चेव चढला. मी पुढे लिहिलं, "आपल्या मुलखात चार महिने आभाळ फाटते. त्या काळात हे भिस्ती हात हलवीत नाहीत व चार महिने फुकटचा पगार खातात."

वाचून दाखवलं तर हशा पिकला. मावशी म्हणाली, "आत्ता कसं! नेमकं दुखन्यावर बोट ठिवलं बघा."

तुम्ही विचाराल, बाई, तुझ्या नवऱ्याचं काय? तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त जांभळीखालची टोळी होती. आमचे हे पावसातही गटारं उपसत, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करत. मक्तेदार आला की कामचुकार जातील, कामाचा माणूस राहील, चांगल्याला कोण काढतं, असा माझा हिशोब. चौथी शिकलेल्या बाईची अक्कल! सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे अडाणी मावशीलाही ठाऊक असेल, मला नव्हतं. पहिल्या पानावर गल्लीतल्या बायकांनी अंगठे उठवले. मग मावशी अर्ज घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली. पुढची पानं तिथे अंगठ्यांनी भरली आणि तिथूनच अर्ज कमिटीत गेला. घरी मी चकार शब्द काढला नाही. नोकरीची भीती बाळगणारा माणूस, उगीच घाबरेल, असं वाटलं.

दिवाळीनंतर मक्ता निघाला. आठही भिस्ती कमी झाले. हे घरी आले, भिंतीला टेकून बसले.

"कुनीतरी अर्ज केलाय म्हनं," माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमी चार म्हैने फुकट पगार खातो, आसं लिवलंय. कारकुनानं समद्यांफुडं वाचून दावलं."

मी चुलीत फुंकर घालत राहिले. धुरानं डोळ्यात पाणी आलं, असं मी म्हणाले.

नव्या मक्तेदारानं आठांतले तिघे रोजंदारीवर ठेवले. हे त्यात होते. मला वाटलं, बघा, झालं की नाही माझ्या मनासारखं? आणि खोटं का बोलू, पाणी येऊ लागलं. त्यानं लोखंडी टाकीच्या दोन बैलगाड्या आणल्या. कोंबडा आरवायला हौद भरलेला. जमादाराच्या पाया पडायला नको, त्याच्या मेहुण्याचं थोबाड बघायला नको. बायका मला दुवा देत होत्या. मावशीनं तर माझ्या मुलीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. नव्याचे नऊ दिवस म्हणावं तर तसंही नाही, चांगले चार-पाच महिने असंच चाललं.

मग उन्हाळा आला. मुंबईचे शेठ बंगल्यांवर उतरले, नळ आटले आणि गाड्या तिकडे वळल्या, कारण तिकडे वरकड पैसे मिळत. आम्ही कमिटीत गेलो तर साहेब म्हणाले, मक्तेदाराला विचारा. मक्तेदार मोठा गोड माणूस. हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्या हौदात रोज दोन खेपा असं करारात आहे. त्या मी टाकतो. तिसरी करारात नाही." जमादाराला निदान चव्हाट्यावर उभं करून शिव्या तरी घालता येत होत्या. ह्याला काय बोलणार?

तेही सोसलं असतं. मृगाचा पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी हे सकाळी गेले ते लगेच परत आले. "दसऱ्यानंतर ये म्हनला. पावसात पानी कुनाला पायजे?"

मी पदर खोचला आणि मक्तेदाराच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, माणसानं चार महिने खायचं काय? तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण बिनकामाचा पगार कमिटी देत होती म्हणून तर लोकांनी तक्रार केली. मी तसाच दिला तर मक्ता माझ्याकडे कशाला ठेवतील?" एवढ्या वर्षांत गावात मला गप्प करणारा तो एकच.

वाण्यानं त्या वर्षी बेगमी दिली नाही. त्याचंही बरोबर, रोजंदाराला कुणाच्या भरवशावर देणार? हे पवनेच्या बाजूला लोकांच्या खाचरात भात लावायला गेले. दीड महिना चिखलात उभे राहिले. परत आले तेव्हा पायाच्या बोटांच्या बेचक्या सडल्या होत्या आणि खोकला असा की शेजारी झोपमोड व्हायची. मुलीला मी शाळेतून काढलं आणि वलवणच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या माळ्याकडे भांडी घासायला लावलं. तिनं पाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "दसऱ्यानंतर जायचं ना?" मी हो म्हणाले. ती परत कधी गेली नाही.

दसऱ्यानंतर यांना कामावर घेतलं, पण धाप लागायची. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घरी. त्या खेपेला मक्तेदारानं "दसऱ्यानंतर ये" असंही म्हटलं नाही.

त्या श्रावणात एका दुपारी मुलगी बंगल्यावरून भिजून आली. तिच्या हातांना राखेनं चिरा पडल्या होत्या. हे तिच्या बोटांना खोबरेल लावत बसले. तिच्या बोटांवरून हळूहळू फिरणारा तो हात मला बघवेना. ती आत झोपायला गेली आणि माझा बांध फुटला. मी कपाळ बडवून घेतलं. म्हटलं, "मला मारा, हाकलून द्या. तो अर्ज मी लिहिलाय. ते फुकटच्या पगाराचं मीच लिहिलंय. तुमचं, हिचं, सगळ्यांचं वाटोळं मी केलं."

हे तेलाचा हात धोतराला पुसत राहिले. म्हणाले, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. वाण्याच्या दुकानात मावशीनं कागद फुडं केला. म्हनली, पान्याचा अर्ज हाय, भाभीनं लिवलाय. तू लिवलंस म्हनल्यावर मी काय इचारनार? दुसऱ्या पानावरचा पयला अंगठा माझाच हाय."