मृत्युंजय सरांची भाषा

जळकोटच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मृत्युंजय सरांनी घरी बसून स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा रचली. तिच्या आज्ञा मराठीत होत्या आणि एका प्रकारचं माप ती दुसऱ्यात मिळवू द्यायची नाही. तीन वर्षांत ती बघायला आले ते एकटे शेजारचे माणिकप्पा.

सरांनी पाच किलोत दोन लिटर मिळवून दाखवले. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘अहो, परत बघा की जरा.’

"ही तर वहिनींची बोली!" माणिकप्पा म्हणाले.

"हाव. ती होती तवा माझ्या चुका अशाच काढायची."

चहा संपवून माणिकप्पा गेले. सर पुन्हा खुर्चीवर बसले आणि त्यांनी मुद्दाम आणखी एक चूक केली.