पेटी खांद्यावर, गाडी जॅकवर

मी फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईमध्ये हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव जळगावजवळचं नशिराबाद. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका ट्रान्सपोर्ट युनिटबरोबर. सकाळी फॉल-इन, मग गाड्यांची तपासणी, मग कॉन्व्हॉय रवाना. ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांचं फौजेतही सासू-सुनेचंच नातं असतं. ड्रायव्हर म्हणतो गाडीत बिघाड आहे, मेकॅनिक म्हणतो चालवणाऱ्यात आहे.

नायक भटू आमच्या युनिटचा ड्रायव्हर, धुळे जिल्ह्यातला. खानदेशी माणूस इतक्या लांब भेटला की भावकी निघायला वेळ लागत नाही. आम्ही रोज भांडायचो आणि रोज एका ताटात जेवायचो. गाडी जरा थरथरली की तो ती माझ्यासमोर आणून उभी करायचा. "भाऊ, हात हालस तर पुढलं चाक, बूड हालस तर मागलं. आते तुम्ही देखा." बाकीचे जवान हसायचे. मी चिडायचो आणि स्पॅनर उचलायचो.

एका सकाळी घाटात दरड सुटली. भटूने गाडी डोंगराच्या कड्याला टेकवून ब्रेक दाबून धरला आणि मागच्या जवानांना उड्या मारायला सांगितलं. सगळे उतरले. त्याला उतरता आलं नाही.

त्याला घरी पोहोचवायची ड्यूटी सुभेदार साहेब, मी आणि चार जवान अशी लागली. जळगाव स्टेशनबाहेर मिलिटरीचा ट्रक तयार होता. त्याच्या शेजारी झेंडूच्या माळांनी सजवलेली एक पिकअप उभी होती. भटूने पगारातून घेतलेली. त्याचा धाकटा भाऊ गुलाब ती चालवायचा, तिच्यावर घर चालायचं. भटूचे वडील, आबा, साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले.

"साहेब, त्यानीच गाडी शे. त्याच गाडीवर घर जाई तो."

मी हिंदीत समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "ठीक है. ट्रक पीछे चलेगा." तिरंग्यातली पेटी पिकअपवर चढली. मी आणि आबा पेटीला लागून बसलो.

पाळधीपर्यंत रस्त्यात माणसंच माणसं होती. गाडी माणसांच्या चालीनेच चालली, काही जाणवलं नाही. एरंडोल मागे पडलं, हायवे मोकळा झाला. गावात लोक सकाळपासून उभे होते आणि दिवस मावळायच्या आत सगळं व्हायला हवं होतं, म्हणून गुलाबने वेग वाढवला. तशी पिकअप थरथरू लागली. पत्रा वाजायला लागला, माळांची फुलं गळायला लागली आणि पेटी जागेवर हलायला लागली. आबांनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली. मला ते बघवेना. मी केबिनच्या काचेवर हात आपटला.

गाडी कडेला लागली. गुलाबचा चेहरा उतरला होता. "भाऊ, टायरं टक्कल झाई गयथात. भटूभाऊले तश्या गाडीवर कसं लयानं? धुळाथीन जुनी पन चांगली नक्षीनी टायरं बसाडी. काळा रंगबी मारा."

चारही टायर चकचकीत काळे दिसत होते. भाऊ घरी येणार म्हणून त्याने ते रंगवले होते, माणूस दारासमोर सारवतो तसे. त्या रंगाखाली काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं.

साहेब ट्रकमधून उतरून मला म्हणाले, "उस्ताद, पेटी ट्रक में शिफ्ट करो."

आबा पेटीसमोर आडवे झाले. साहेबांनाही मुलगे होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एक टायर बदलने का टाइम. फिर भी हिली, तो ट्रक."

स्टेपनी एकच होती. चार चाकांतलं दोषी चाक एकदाच आणि बरोबर ओळखायचं होतं. चुकलो असतो तर आबांच्या डोळ्यांदेखत भटूला त्याच्याच गाडीवरून उतरवावं लागलं असतं.

चाक जॅकवर घेतलं असतं तर गाडी कलंडती झाली असती आणि पेटी सरकली असती. पेटी जमिनीवर ठेवायची नाही, ही आपली रीत. साहेबांनी हुकूम दिला, "कंधा दो." चार जवान पेटी खांद्यावर उचलून उन्हात उभे राहिले. मागे कांद्याचे ट्रक थांबले होते. त्यांचे ड्रायव्हर उतरले, चपला काढल्या आणि न विचारता जवानांच्या खांद्याखाली खांदा दिला. शेतातून माणसं आली. खांदे बदलत राहिले.

मी गुलाबला विचारलं, "स्टिअरिंग हाललं?"

"नही भाऊ. सीट हालनी."

म्हणजे भटूच्याच हिशेबाने पुढची दोन्ही चाकं सोडली. मागचे नट तपासले, घट्ट होते. डावं चाक जॅकवर घेऊन फिरवलं, रस्त्याकडेची वीट टायरजवळ धरली. वीट आणि टायर यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली. उजवं चाक फिरवलं. एका जागी टायर विटेला घासला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच घासला. तळहात फिरवला तर नक्षीखाली फुगवटा लागला. आतले थर सुटले होते. आणखी थोडा वेग घेतला असता तर टायर फुटला असता.

स्टेपनी म्हणजे गाडीचा जुनाच टायर, टक्कल पडलेला. पण गोल होता. तो बसवला, नट आवळले आणि गुलाबला सांगितलं, "बेताने चालव." पेटी पुन्हा गाडीवर चढली. ट्रकवाल्यांनी हात जोडले.

पारोळा गेलं. आबांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाडी हलत नव्हती.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सलामी झाली, बिगुल वाजला. साहेबांनी घडी केलेला तिरंगा भटूच्या आईच्या हातात दिला. गुलाब खाली मान घालून उभा होता. त्या माउलीने आबांना विचारलं, "वाटमा त्याले तरास व्हयना का?"

गुलाबने डोळे मिटून घेतले.

आबा म्हणाले, "नही वं. खांदावर उना तो. वळखदेख नही अश्या लोकेसना खांदावर."

नोकरीत मी बऱ्याच जणांना निरोप दिला होता आणि डोळे कोरडे ठेवले होते. त्या दिवशी वर्दीत, साहेबांच्या शेजारी उभा राहून रडलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेही रडत होते.