पेशंट अजून ठरलेला नाही

विमा एजंट दिसला की लोक रस्ता बदलतात. पण ज्याला पाहून एजंटांनीच रस्ता बदलावा असा माणूस साऱ्या पुण्यात एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. वारज्यात दीड खोलीत मामा आणि मामी राहतात. मूलबाळ नाही. मामांची उमेदीची वर्षं गेली एका छापखान्यात पुस्तकं बांधण्यात. छापखाना बंद पडल्यापासून ते मिळेल ते किरकोळ काम करतात आणि मामी शेजारपाजारच्या घरी पोळ्या लाटतात. मामा म्हणजे सुटलेला भोवरा. आमच्याकडे कोथरूडला आले की चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघर, हॉल, गॅलरी अशा फेऱ्या घालत राहतात. निम्मा चहा पोटात जातो, निम्मा फरशीवर. एकदा आम्ही मामा-मामींना सत्यनारायणाला पाटावर बसवलं, तर दुसऱ्या अध्यायातच गुरुजींनी पोथी मिटली आणि म्हणाले, "आपण खाली एक चक्कर मारून या. देव थांबेल, माझं लक्ष थांबत नाही."

या माणसाच्या डोक्यात आरोग्य विमा शिरला तो शेजारच्या रिक्षावाल्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. ऑपरेशन झकास झालं, पण बिलापायी रिक्षा विकावी लागली. खडखडीत बरा झालेला तो माणूस दिवसभर दारात नुसता बसलेला दिसायचा, आणि त्याला पाहून मामांची झोप उडाली. मामींना ब्लडप्रेशर होतंच. मामा एजंटांच्या मागे लागले. कुणाला अमृततुल्यमध्ये गाठलं, कुणाला लग्नाच्या पंगतीत. हप्त्याचा आकडा ऐकून ते एकाला शांतपणे म्हणाले, "एवढा हप्ता भरायचा तर आम्हाला आधी श्रीमंत व्हावं लागेल, आणि श्रीमंत झालो तर तुमची गरज काय?" दुसऱ्याने समजावलं की मामींना आधीपासून ब्लडप्रेशर आहे, तेव्हा त्यातून काही उद्भवलं तर पहिली काही वर्षं पैसे मिळणार नाहीत. "ठीक आहे," मामा म्हणाले, "तिच्या ब्लडप्रेशरला तसं कळवतो. ऐकलं तर ऐकलं." तो एजंट पुढे बराच काळ वारज्यात दिसला नाही.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, राज्य सरकारची योजना आहे की. रेशनकार्डावर मिळते, हप्ता नाही."

मामा फेरी घालता घालता थबकले. "फुकट आहे? मग जावईबापू, इतके दिवस लपवून का ठेवलीत?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं सेवा केंद्रात गेलो. मामींचं काम पटकन झालं. मामांचं बोट मात्र यंत्र ओळखेना. खळ आणि कागद यांच्या घासणीत बोटं गुळगुळीत झालेली. खोबरेल लावून झालं, ओल्या फडक्याने पुसून झालं. "काका, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "म्हणजे चोऱ्या करायला हरकत नव्हती," मामा म्हणाले, "आधी सांगायचं होतंत." मग तिने चेहऱ्याचा फोटो घेऊन ओळख पटवायचं ठरवलं. त्यासाठी माणसाने स्थिर राहावं लागतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. कॅमेऱ्यात कधी मामांचा कान यायचा, कधी नुसती भिंत. अखेर मामींनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी नारळासारखं धरलं. मुलगी म्हणाली, "आता डोळे मिचकावा." मामांनी जीव ओतून मिचकावले. मामी मागूनच म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याकडे पाहून कधी हे केलं नाहीत."

कार्डं हातात आली तरी मामांना चैन पडेना. अडीअडचणीला ती खरंच चालतात का, हे आधी बघायला नको? ते सायकल काढून हॉस्पिटलं पाहत हिंडू लागले. कुठे योजना आहे, कुठे नाही, कुठल्या आजाराला आहे, काउंटर कुठल्या मजल्यावर. एका ठिकाणी रखवालदाराने अडवून विचारलं, "पेशंट कोण?" मामा म्हणाले, "अजून ठरलेला नाही." आम्ही या गोष्टीवर घरी पोट धरून हसलो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पोळ्या लाटता लाटता मामींच्या छातीत कळ आली आणि त्या घामाने निथळल्या. मामांनी रिक्षा बोलावली. मी ऑफिसातून धावत पोचलो तेव्हा मामींना आत नेलं होतं आणि मामा भिंतीला टेकून उभे होते, अगदी निश्चल. मला ते पाहूनच धडकी भरली. हृदयाची एक शीर बंद झाली होती. ती उघडून डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "आता धोका नाही." योजनेच्या काउंटरवर सगळं मंजूर झालं होतं, मामांना खिशात हात घालावा लागला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "मामा, तुमचं हिंडणं कामी आलं."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "घराजवळच मोठं हॉस्पिटल आहे, जावईबापू. पुलाच्या अलीकडे. तिथे कार्ड चालत नाही. मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांबू नको, पुढे घे. पुढे पुलावर गाड्या तुंबलेल्या. ती माझ्या खांद्यावर मान टाकून. तेवढ्यात काही झालं असतं, तर?"

डॉक्टर धोका नाही म्हणाले, एवढंच मी पुन्हा सांगितलं.

मामी आता बऱ्या आहेत. पोळ्या बंद झाल्यात. परवा भेटायला गेलो तेव्हा मामा बाहेर गेले होते. मामी लसूण सोलत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "हे अजून झोपेतून दचकून उठतात. काय होतं ते सांगत नाहीत."

"तुम्हाला आठवतं का काही त्या दिवसाचं?" मी विचारलं.

"सगळं आठवतं की. जवळचं हॉस्पिटल मागे गेलेलं मी पाहिलं होतं."

"मग थांबा म्हणाला नाहीत?"

मामींनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. "म्हटलं असतं तर थांबले असते हो हे. आणि मी बरी होऊन घरी आल्यावर, बिल फेडत जन्मभर झुरले असते. म्हणून डोळे मिटून घेतले."

जिन्यावर मामांची पावलं वाजली, तशी त्यांनी दुसरा गड्डा फोडायला घेतला आणि मला विचारलं, चहात आलं घालू का.