संघप्रियाची जपानी इस्टेट

वाशीतल्या जपानी भाषेच्या क्लासला आम्ही दोघींनी एकाच दिवशी नाव घातलं. मी, क्षिप्रा, चार गल्ल्या सोडून बाबांच्या फ्लॅटमध्ये राहणारी. आणि संघप्रिया, दिघ्याहून बसने येणारी, एका खोलीत पाच माणसांच्या गलक्यात अभ्यास करणारी. सत्त्याण्णव साल होतं. तळोज्याच्या एका कारखान्यात जपानी इंजिनियर यायचे होते आणि त्यांना दुभाषी हवी होती. जागा एकच. मला ती मिळाली असती तर मजा आली असती. संघप्रियाला मात्र ती मिळायलाच हवी होती, कारण तिचे बाबा, कोंडिबाकाका, ज्या कंपनीत माल चढवायचे तिला टाळं लागलं होतं.

सगळा धुमाकूळ सुरू झाला मालमत्तेच्या धड्यापासून. घर म्हणजे इए, जमीन म्हणजे तोचि, मोटार म्हणजे कुरुमा, मोती म्हणजे शिंजु, बँकेतली ठेव म्हणजे योकिन. स्वानंद सरांनी फर्मान काढलं, "प्रत्येकानं आपापल्या मालमत्तेवर बोलायचं. खोटं चालेल, चुकीचं चालणार नाही!"

खोटं चालेल म्हटल्यावर संघप्रिया सुटलीच. 'वाताशि नो' म्हणजे 'माझं'. एवढं तोंडात बसलं आणि बाई थांबेचना. क्लास सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत जाता जाता तिनं तीन बंगले, एक पेट्रोल पंप आणि एक लाल मारुती खिशात घातली. मारुतीचा मालक आत बसला होता, हे आम्हाला जरा उशिरा दिसलं.

"ए, तो कोपऱ्यावरचा बंगला मी घेतलाय हां," मी म्हटलं.

"मी आधी बोलले ना! तू मागचा घे. त्याला गच्ची पण आहे."

"मग तूच घे गच्ची!"

एवढ्या मोठ्या घोड्या आम्ही, पण भर रस्त्यात परक्याच्या गच्चीवरून भांडलो, पोट दुखेपर्यंत हसलो. बंगल्यातल्या बाईंनी धाडकन खिडकी लावली तेव्हा कुठे पळालो.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिची आई, सत्यभामाकाकू, भाकऱ्या थापत होत्या आणि संघप्रिया दारात बसून मोठमोठ्यानं आपली इस्टेट घोकत होती. कोंडिबाकाकांची निम्मी हयात परभणीकडे दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेलेली. ते खाटेवरून उठून बसले.

"रानाला काय म्हन्त्यात गं तिकडं?"

"तोचि, बाबा."

"मंग धा एकर तोचि लाव की मपल्या नावावर. अन् हीर बी घाल. बिगर हिरीचं रान काय कामाचं?"

"हिरीला पानी तर लागू द्या आधी!" काकू तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

विहीर धड्यात नव्हती. संघप्रियानं शब्दकोश उलथापालथा करून 'इदो' शोधून काढला. काकांनी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला आणि इतके खूश झाले की चहाबरोबर मला बळंच अर्धी भाकरी खायला लावली. मला रडूही आलं आणि हसूही आवरेना. दोन्ही एकदम झालं की मला उचकी लागते, तशी लागली.

तळोज्याला दोन-दोन जणींना आत बोलवत होते. टेबलामागे किमुरासाहेब, गंभीर चेहऱ्याचे, आणि त्यांच्यापुढे आमच्याच क्लासचं पुस्तक उघडं. मला त्यांनी विचारलं, घर कुठे आहे? अगदी सोपा प्रश्न. पण 'वाताशि नो'च्या पुढे माझी गाडी सरकेना. मग ते संघप्रियाकडे वळले. "तुमच्याकडे काय काय मालमत्ता आहे?"

धडाच निघाला! संघप्रिया जी सुटली ती बंगला, मोटारी, मोती, ठेव करत थेट विहिरीवर जाऊन थांबली. एक चूक नाही. साहेब ऐकता ऐकता पुढे झुकले आणि सावकाश जपानीत म्हणाले, "एवढं सगळं आहे, तर मग नोकरी कशाला हवी?"

खरं आहे म्हणावं तर श्रीमंत, खोटं आहे म्हणावं तर खोटारडी. दोन्हीकडून नोकरी गेलीच की!

संघप्रियानं ओढणीचं टोक मुठीत धरलं. शब्दाला शब्द जोडत, जपानीतच म्हणाली, "साहेब, हे सगळं फक्त जपानीत आहे. मराठीत यातलं काहीच नाही."

साहेब एकदम हसले, चष्मा काढून डोळे पुसायची वेळ येईपर्यंत हसले, आणि हातानंच आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर संघप्रियानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "गेलं गं सगळं. दहा एकर एका वाक्यात घालवली मी. बाबांना काय सांगू?" ती हसतेय की रडतेय ते तिलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात शिपाई बाहेर आला. "संघप्रिया कोन? सायब विचारतायत, सोमवारपासून येनार का?"

तिच्या तोंडून शब्द फुटेना, जपानी नाही की मराठी नाही.

"येणार! येणार!" मीच ओरडले.