वीस मिनिटांचा नियम

“ताई, सिद्धूचं तुमीच सांगितलं की सगळ्यांना,” यल्लप्पा म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं.

मी एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात कौन्सिलर आहे. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आमच्याकडे तपासणीला येतात, कंडोम न्यायला येतात, कधी नुसतेच गप्पा मारायला. सेंटर म्हणजे जुळे सोलापुरातला भाड्याचा फ्लॅट, दारावर पाटी नाही. यल्लप्पा आमचा पीअर एज्युकेटर, म्हणजे त्यांच्यातलाच एक. लोक त्याच्या शब्दावर येतात, माझ्या डिग्रीवर नाही. फाइलवर नावाऐवजी नंबर असतो आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी हा म्हणतो, मी सांगितलं.

सिद्धू (नाव बदललंय) टेंभुर्णीजवळ एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. लग्न झालेलं, बायको गावी. सेंटरवरच्या एका तपासणी कॅम्पात त्याची बोटातल्या रक्ताची टेस्ट रिॲक्टिव्ह आली. रिॲक्टिव्ह म्हणजे संशय. पक्कं निदान सरकारी केंद्रात आणखी टेस्ट करून होतं. तिथे तो गेलाच नाही. फोन बंद. उपचार लांबले तर त्याला धोका, आणि बायकोलाही.

“मी एक अक्षर बोललेले नाही,” मी म्हणाले.

“बोलला न्हाय तुमी. पर बाकीच्यांना पाच मिन्टं आन त्याला पाऊण तास. भाईर बाकावर पोरं बसल्याली. त्यांना घड्याळ कळतंय की.”

निगेटिव्ह आलेल्याला मी दोन वाक्यांत वाटेला लावायचे. सिद्धूला मात्र धीर देत बसले, आणि बाहेर सगळ्यांना काय ते कळलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

उपाय यल्लप्पानेच काढला. सगळ्यांना सारखी वीस मिनिटं. प्रोजेक्ट मॅनेजर सरांनी कपाळाला हात लावला.

“मॅडम, मग तपासण्यांचं टार्गेट कसं गाठायचं?”

“सर, त्या प्रकारानंतर कॅम्पला तीन जण आले. तिघांत गाठता येतं का?”

सरांनी तोंड वाकडं करत होकार दिला.

निगेटिव्ह माणसाशी वीस मिनिटं बोलायचं तरी काय, याची मला धास्ती होती. पण माणसंच बोलायला लागली. एकाला प्रेपबद्दल, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीबद्दल, पहिल्यांदाच कळलं. एकाने आईला कसं सांगू ते विचारलं. एक पठ्ठ्या खुर्चीतच घोरला. त्यालाही मी वीस मिनिटं झोपू दिलं. हळूहळू बाक पुन्हा भरायला लागला.

यल्लप्पा दोनदा ढाब्यावर जेवून आला. दुसऱ्यांदा सिद्धू त्याच्याशी बोलला, आणि पुढच्या कॅम्पला आला. रांगेत पाचवा. आत बसला, पण लक्ष सगळं दाराकडे.

“भाईर गेल्यावर त्यांना काय कळंल?”

“काहीच नाही. सगळ्यांना इतकाच वेळ असतो.”

त्याने दाराकडे पाठ केली. मग म्हणाला, “जाऊ की मग सरकारी टेस्टला. बायकोची बी करायची हाय.”

निदान पक्कं झालं. बायकोला त्याने स्वतः सांगितलं, मी शेजारी बसले होते. तिची टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा मलाच भरून आलं. सिद्धू रोज गोळी घेतो. आता त्याच्या रक्तात विषाणू टेस्टला सापडत नाही, म्हणजे संबंधांतून तो दुसऱ्याला लागतही नाही.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला तोंड बंद ठेवायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण हल्ली नवी कौन्सिलर आली की पहिला अख्खा दिवस मी तिला बाहेरच्या बाकावर बसवते.